अर्ध्या गुणाने हुकलेली दिल्ली, व्हाया शिवाजी पेठ

मला दिल्लीला जायचं होतं, म्हणून मी कोल्हापूरला गेले. नकाशा काढून बसू नका, सांगते.

देशभरातल्या विद्यापीठांमधल्या बडबड्या मुलामुलींचं एक वादविवाद मंडळ होतं. ते दरवर्षी विभागवार फेऱ्या घ्यायचं आणि प्रत्येक विभागातून एकाला दिल्लीच्या अंतिम फेरीला न्यायचं. मी तीन वर्षं पहिल्याच फेरीत गारद होत आले होते. चौथ्या वर्षी कशी कोण जाणे, विभागाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचले आणि तो होता कोल्हापुरात. कॉलेजचं ते शेवटचं वर्ष. बाबांनी बजावलं होतं की यंदा काय बोलायचं ते बोलून घे, पुढे नोकरीचं बघायचं. म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

शुक्रवारी सकाळी स्वारगेटहून एसटी पकडली. तिकीट सव्वाशेच्या आत होतं. तेव्हा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम चालू होतं, त्यामुळे सात तास लागले आणि कऱ्हाडपर्यंत माझ्या केसांचा रंग बदलला. खिडकीची जागा मागून घेतली होती, याचा पश्चात्ताप झाला. तुम्ही जाल तेव्हा रस्ता झालेला असेल, पण रुमाल जवळ ठेवा. साताऱ्याला कंदी पेढे घेतले आणि भाषण पाठ करता करता कोल्हापूर यायच्या आत संपवले.

स्टँडवरून शिवाजी पेठेपर्यंत रिक्षाने वीस रुपये घेतले. रिक्षावाल्याने कशासाठी आलात विचारलं. वादविवाद स्पर्धा आहे आणि बाजू कोणती ते आज संध्याकाळी चिठ्ठीवर ठरणार, असं सांगितल्यावर त्याने रिक्षा हळू केली. "म्हंजे पावणं, तुम्ही कुणाच्या बाजूचं हाय ते तुमास्नीच म्हाईत न्हाय?" मी नाही म्हटलं. पुढचा रस्ताभर तो आरशातून माझ्याकडे काळजीने बघत होता.

आमच्या मंडळाची एक चाल होती. स्पर्धकांना हॉटेलात न ठेवता गावातल्या घरांत उतरवायचं. मला मिळालं एका तालमीच्या वस्तादांचं घर. वस्ताद साठीचे, दारात उभे राहिले की घरात अंधार व्हायचा. काकी त्यांच्या निम्म्या उंचीच्या, पण आवाजाला दुप्पट. पोचल्या पोचल्या मला बदामाची थंडाई मिळाली, आणि ती प्यायल्यावर बारीक हाय म्हणून आणखी एक.

संध्याकाळी सभागृहात चिठ्ठी उचलली. विषय होता, 'कोल्हापूरची खरी ओळख कुस्ती नव्हे, फुटबॉल आहे.' माझ्या वाट्याला फुटबॉल आला. पैलवानाच्या घरचं खाऊन मला कुस्तीच्या विरोधात बोलायचं होतं. त्यात तालमीचा नियम काकींनी आधीच सांगून ठेवला होता: जो पोरगा फुटबॉलची मॅच बघताना सापडेल त्याला पाचशे जोर.

जेवताना मी खाली मान घालून चिठ्ठीचं सांगून टाकलं. वस्तादांनी पांढऱ्या रश्श्याची वाटी खाली ठेवली. आता माझी बॅग रस्त्यावर जाणार असं मला वाटलं. ते म्हणाले, "माझ्या घरचं पावणं हरून गेल्यालं न्हाय अजून. वही आण."

मग त्यांनी स्वतः मला कुस्तीच्या विरोधातले मुद्दे सांगितले. मोडलेले कान, गेलेले गुडघे, खुराकापायी विकलेली म्हैस, पोरगी द्यायला नाखूश असणारे सासरे. शेवटच्या मुद्द्याला काकींनी आतून दुजोरा दिला. चार वर्षांत आमच्या कोणत्याही प्राध्यापकाने इतकी तयारी करून घेतली नव्हती.

शनिवारी सकाळी ते मला गंगावेशीत दूध प्यायला घेऊन गेले. तिथे म्हशी उभ्या असतात, समोर धार काढतात आणि फेसाळलेला ग्लास हातात देतात. सात रुपयांत दिवसभराची भूक मिटते, जरूर जा. दुसऱ्या ग्लासाला वस्तादांनी इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. म्हणजे तो फक्त चार म्हशींपर्यंत पोचला.

"शेवटचा डाव देतो तुला. मॅच असली की मी नदीवर फिराय जातो म्हणून घरात सांगतोय न्हवं? नदीवर न्हाय जात. तोंडाला टावेल गुंडाळून स्टेडियमला जातोय. पंधरा वर्सं झाली. उद्या बी हाय मॅच. अडलीस तर बोलून टाक. वस्तादच फुटबॉल बघतोय म्हटल्यावर म्होरला उताणाच."

मी म्हटलं, तुमची पोरं असतील की समोर. ते म्हणाले, असू देत, आणि दुधाचे पैसे देऊन चालायला लागले. पण त्यांचे मोडलेले कान लाल झाले होते.

दुपारी सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेत वस्ताद आणि त्यांचे वीस पैलवान बसले होते, त्यामुळे दुसऱ्या रांगेला काहीच दिसत नव्हतं. माझा प्रतिस्पर्धी नागपूरचा एक उंच मुलगा. तो एका फुटबॉल क्लबच्या सेक्रेटरींकडे उतरला होता, आणि त्यांनीही पाहुणचारात कसूर केलेली नव्हती हे त्याने तोंड उघडताच कळलं. मॅचपेक्षा मॅचनंतरच्या मारामारीत जास्त खेळाडू जायबंदी होतात, हे नागपूरला बसून कसं समजणार? वस्तादांनी वळून सेक्रेटरींकडे पाहिलं. सेक्रेटरी छताकडे बघत होते.

आमचं बरोबरीत चाललं होतं. शेवटची दोन मिनिटं उत्तरासाठी माझी होती. त्याआधी बसता बसता नागपूरकर ठसक्यात म्हणाला, "या गावातला एकही खरा पैलवान फुटबॉलकडे ढुंकूनही बघत नाही!"

इतका सोपा झेल आयुष्यात परत येत नाही. वस्तादांनी मला मान हलवून खूण केली. मी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या शेजारच्या त्या वीस जणांकडे, जे हाताची घडी घालून आपल्या वस्तादांसारखेच ताठ बसले होते. मला दिल्ली हवी होती हो, फार हवी होती. तोंड उघडलं, मिटलं, पाणी प्यायले. मग पैलवानांविषयी मला आदर आहे असं काहीतरी गुळमुळीत बोलत राहिले आणि घंटा झाली.

अर्ध्या गुणाने हरले.

 घरी पाटावर बसल्यावर वस्ताद म्हणाले, "दिलतं की तुला. ताटात वाढल्यालं टाकून उठलीस तू." मी सांगितलं, तुमच्या पोरांसमोर माझ्याने नाही बोलवलं. ते खूप वेळ भात कालवत राहिले. मग स्वतः उठून माझ्या वाटीत तांबडा रस्सा ओतला, इतका की वाटी दिसेना.

रविवारी जोतिबाला जायचा बेत होता, पण पोट हलू देत नव्हतं. दुपारी वस्ताद माझ्या डोक्यावर हात ठेवून "नदीवर जाऊन येतो" म्हणाले आणि टॉवेल खांद्यावर टाकून निघून गेले. स्टँडवर सोडायला काकी आल्या. गाडी लागल्यावर त्यांनी कांदा-लसूण मसाल्याची बरणी माझ्या पिशवीत कोंबली आणि विचारलं, "काल त्यांचं टावेलाचं बोलली न्हाईस व्हय?"

मी गारच पडले. तुम्हाला कसं माहीत?

"अगं, अख्ख्या पेठेला ठावं हाय. एवढा मोठा माणूस टावेलात मावतोय व्हय? ती वीस पोरं बी तिथंच असत्यात, पल्याडच्या बाजूला लपून. जोर काढाय लागत्यात म्हणून नव्हं. वस्तादांस्नी लाज वाटंल म्हणून."

कऱ्हाड येईपर्यंत मी एकटीच हसत होते आणि मधूनच रडत होते. शेजारच्या बाईंनी जागा बदलून घेतली.

घरी आईने विचारलं, बक्षिसाची ढाल कुठाय? मी बरणी दिली. मसाला दोन महिन्यांत संपला, दिल्ली मी पुढे नोकरीच्या कामासाठी पाहिली आणि ती विशेष आवडली नाही. पण वीस दांडगी पोरं आणि एक अख्खी पेठ जे पंधरा वर्षं जपत आली, ते मीही दोन मिनिटं जपलं, याचा मला ढालीपेक्षा जास्त आनंद आहे. इथे लिहिते आहे ते काकींना फोनवर विचारून. वस्ताद इंटरनेट वाचत नाहीत आणि बाकीच्यांना माहीतच आहे.

तर कोल्हापूरला जरूर जा. मॅच असेल तर स्टेडियमलाही जा. तिथे तोंडाला टॉवेल गुंडाळलेला एक भलाथोरला माणूस गोल झाल्यावर उड्या मारताना दिसला, तर कृपा करून ओळख दाखवू नका.