जनाना खेळातली शेतकरीण

माझं लग्न होऊन मी लातूरहून नांदेडला आले, त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. राज्य निजामाचं होतं, आणि ते आता थोड्याच वर्षांचं सोबती आहे हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. माझे सासरे, मामंजी, वकील होते. कोर्टातलं सगळं काम उर्दूत चाले, आणि त्याची त्यांना इतकी सवय झाली होती की घरात चिडले तरी ते उर्दूतच चिडत. घरात मामंजी, सासूबाई म्हणजे आमच्या आत्याबाई, आमचे हे, मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई.

थोरले दीर मी येण्याआधीच हिवतापानं गेले होते. जाऊबाईंना मूलबाळ नव्हतं. माहेरी भावजयीचं राज्य, म्हणून त्या इथंच राहिल्या. वयानं माझ्याहून फार मोठ्या नव्हत्या, पण घरात त्यांची गणना आत्याबाईंच्या बाजूला होई. मला नवं लुगडं घेतलं की मी ते त्यांना कसं दाखवावं, या विचारानं दोन दिवस गाठोड्यातच ठेवत असे.

स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर तेव्हा एक टिनाचं थिएटर होतं. अधूनमधून दुपारी तिथं जनाना खेळ लागे. आत फक्त बायका. दारावर थिएटरवाल्याची म्हातारी आई काठी घेऊन बसायची. एकदा दवंडी आली की देवाचा सिनेमा लागणार आहे. आत्याबाई म्हणाल्या, "देवाचं आहे, तर थोरलीही येऊ दे." शेजारच्या आपाही निघाल्या. आपा म्हणजे मुन्सफसाहेबांच्या बेगम. त्यांच्या आमच्या भिंतीत एक खिडकी होती आणि तिच्यातून लोणचं, बातम्या आणि भांडणं, सगळं ये-जा करायचं. त्याच दिवशी भोकरकडच्या आमच्या शेतावरून वाटेकऱ्याची बायको भुईमुगाच्या शेंगा घेऊन आली होती. तिनं सिनेमा कधी पाहिला नव्हता. तिलाही बरोबर घेतलं.

आम्ही जाऊन बसलो, आणि दारावरची म्हातारी आत येऊन म्हणाली, "देवाच्या सिनेमाची पेटी आजच्या गाडीनं आली नाही. विलायतेकडचा खेळ आहे. बघायचा तर बघा." काही बायका उठून गेल्या. आत्याबाईही उठत होत्या, पण आपांनी त्यांचा हात धरला. "अब आए सो आए, बैठो जी."

खेळ जुना, मुका होता. मधूनमधून पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटायची. मुलींच्या शाळेच्या बाई पुढं बसल्या होत्या, त्या मोठ्यानं मराठीत अर्थ सांगत. आपा तो दखनीत करून मागच्या बायकांना सांगत. बाई म्हणाल्या, "तिचा नवरा झाड तोडताना मेला," आणि शेवटच्या रांगेपर्यंत ते जाईतो झाड घरावर पडलं होतं आणि तीन माणसं दगावली होती.

गोष्ट तशी थोडीच होती. कुठल्याशा थंड देशातलं डोंगरातलं शेत. घरात एक तरुण विधवा आणि तिचा म्हातारा सासरा. मुलगा गेला तो हिच्याच पायगुणानं, असं म्हाताऱ्यानं मनात धरलेलं, म्हणून तो तिच्याशी अक्षर बोलत नाही. ती नांगर धरते, गवत कापते, गाईची धार काढते, बर्फातून पाणी आणते आणि म्हाताऱ्यापुढं ताट ठेवते. मग शहरातला धाकटा मुलगा येतो आणि शेत विकून टाकू म्हणतो. म्हातारा मान डोलावतो. ती भांडत नाही, रडत नाही. दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा शेतात जाते. म्हातारा काठी टेकत तिच्यामागं जातो आणि बांधावर उभा राहतो. दोघं एकमेकांकडं बघतात. संपलं. शेत विकलं की राहिलं, म्हातारा काही बोलला की नाही, काही दाखवलं नाही.

परतताना टांग्यात नुसता गलका. आत्याबाई म्हणाल्या, "काय ती बाई! डोक्यावर पदर नाही, गड्यामाणसांसमोर पोटऱ्या उघड्या टाकून गवत कापते. माहेरी जायचं सोडून बसली तिथं अपमान गिळत."

आपांना म्हाताऱ्याचं वाईट वाटत होतं. "बुड्ढा क्या करता बोलो? जवान बेटा मिट्टी में गया उसका. मुँह में लफ्ज़ कहाँ से आते?" त्यांचे डोळे खरंच ओले झाले होते. मला मागून कळलं की त्यांचाही एक भाऊ तरणाताठा गेला होता.

वाटेकरीण मात्र नाराज होती. "ह्यात दावायसारखं काय हाय, बाईसाब? नांगरली, धार काढली, पानी आनलं. आमी बी तेच करून राहिलो की रोज. आमचा न्हाई कुणी शिनेमा काढला." मग थोडं थांबून म्हणाली, "पर घोडं नांगराला जुंपलं, ते लई नवल. घोडं बिचारं काय म्हनत असंल?"

जाऊबाई टांग्याच्या मागच्या बाजूला रस्त्याकडं तोंड करून बसल्या होत्या.

पेटी दुसऱ्या दिवशीही आली नाही, म्हणून थिएटरवाल्यानं तोच खेळ पुरुषांनाही दाखवला. मामंजी आणि हे पाहून आले. त्याच्या दुसऱ्या दिवशी कोर्टात जाण्याआधी दोघं जेवायला बसले होते, आत्याबाई वाढत होत्या. हे म्हणाले, "नाच नाही, गाणं नाही, मारामारी नाही. नुसतं गवत कापतात. मला तर झोप लागली."

मामंजी म्हणाले, "तुला कळलं नाही. मामला सरळ आहे. शेत म्हाताऱ्याच्या नावचं. विकायचा त्याला पूर्ण हक होता. सुनेचा तिथं दावाच बनत नाही."

आत्याबाईंच्या हातातली वाटी तशीच राहिली. "दावा बनत नाही? मग एवढं राबली कोण? त्यांचा तो शहरातला दिवटा?"

ज्या बाईला परवा त्यांनी निर्लज्ज ठरवलं होतं, तिचीच बाजू घेऊन त्या उभ्या होत्या. मामंजी चकित झाले. "अहो, मी सिनेमाचं बोलतोय."

"मीही सिनेमाचंच बोलतेय," आत्याबाई म्हणाल्या.

जाऊबाई स्वयंपाकघरात चुलीपुढं होत्या आणि त्यांना सगळं ऐकू जात होतं, हे त्या क्षणी प्रत्येकाला समजलं. मामंजींनी दुसरा भात घेतला नाही. पागोटं घालून निघून गेले.

मामंजी कठोर माणूस नव्हते. त्यांना ते लागलं असावं. चारआठ दिवसांनी दुपारी ओसरीवर बसले असताना त्यांनी मला हाक मारली. मी उंबऱ्याआड उभी राहिले. जाऊबाई माझ्या मागं धान्य निवडत होत्या. जाऊबाई मामंजींशी थेट बोलत नसत, म्हणून जे काय बोलायचं ते माझ्या तोंडून जाई. मामंजी म्हणाले, "त्या खेळातली बाई मोठी निष्ठेची होती. एवढं होऊन तिनं घर सोडलं नाही. आपली थोरलीही तशीच. मला त्याची जाणीव आहे, एवढं तिला सांग."

सांगायची गरजच नव्हती, मधे एक उंबराच होता. जाऊबाईंनी सूप खाली ठेवलं. माझ्याकडं बघून, पण ओसरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "धाकटे, मामंजींना सांग, ती निष्ठेनं राहिली की आणखी कशानं, ते मला त्या खेळात दिसलं नाही. मला एवढंच दिसलं, की ती सकाळी उठते, दार उघडते आणि बाहेर पडते. कुठं चाललीस म्हणून तिला कुणी विचारत नाही. घरात कुणी बोलत नव्हतं तिच्याशी, पण अडवतही नव्हतं."

मी हे काय सांगणार? मी पाहिला तोच खेळ जाऊबाईंनी पाहिला होता. मला तो बर्फ आठवत होता, आणि म्हाताऱ्यानं न बघता पुढं ओढलेलं ताट. त्या दाराकडं माझं लक्षही गेलं नव्हतं.

मामंजींनी मला विचारलं, "तिला कुठं जायचंय?"

मी मागं वळले. जाऊबाईंचं उत्तर तयार होतं. जणू फार दिवसांपासून तयार होतं. "भोकरच्या शेतावर. सुगीपुरतं."

आत्याबाईंनी घर डोक्यावर घेतलं. सिनेमातल्या बाईचा कैवार घेणं वेगळं आणि आपली सून रानात पाठवणं वेगळं. "वकिलाची सून खळ्यावर बसणार? लोक तोंडात शेण घालतील." खिडकीतून आपांनीही समजावलं, "नक्को अम्मा, जंगल में अकेली औरत का काम नईं." मामंजी मात्र हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. शेवटी वाटेकरीण पुन्हा आली तेव्हा आत्याबाईंनी तिलाच मधे घातलं, की ती तरी नाही म्हणेल. ती म्हणाली, "हाव, येऊ द्या की. माझ्या घराला लागूनच मालकाची खोली हाय. रातीला मी निजंन सोबतीला. पर त्यास्नी काम नका करू म्हनावं, मोडून बसत्याल."

जाऊबाई गेल्या. बैलगाडीत त्यांचं सामान म्हणजे एक वळकटी आणि एक लहान ट्रंक होती.

त्याच सुमाराला मी बाळंतपणाला लातूरला गेले. माहेरी करमणूक म्हणून मी सगळ्यांना तो खेळ सांगितला. माझ्या वडिलांची गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत होती. त्यांनी सगळं ऐकून विचारलं, "एवढी गाय दूध देते, मग लोणी जातं कुठं? त्या मुलखात बाजार नाही का?" आई म्हणाली, "तिला मूल नव्हतं ना? मग बरोबर आहे." काय बरोबर आहे, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. आजही मी त्याचा कधीकधी विचार करते. गल्लीतल्या बायकांना शेवट पटेना. म्हातारा नुसता बघतो म्हणजे काय? त्यांच्या समाधानासाठी मी एकदा म्हाताऱ्याला तिच्या डोक्यावर हात ठेवायला लावला. पुढच्या वेळी तो तिला पोरी म्हणून हाक मारू लागला. बायका डोळे पुसून उठल्या. मला मात्र चुटपुट लागून राहिली. पाहिलेलं पुसून त्यावर मी सांगितलेलंच बसत चाललं होतं.

मी बाळाला घेऊन नांदेडला परतले तेव्हा जाऊबाई अंथरुणावर होत्या. सुगी संपता संपता त्यांना ताप भरला होता. रंग करपलेला, तळहात फाटलेले. आत्याबाई त्यांना काढा पाजत आणि प्रत्येक घोटाला विचारत, "फिटली हौस?" जाऊबाई पुढचा घोट घेत. बऱ्या झाल्या, आणि पेरणीच्या तोंडावर पुन्हा ट्रंक भरू लागल्या. या वेळी आत्याबाईंनी त्यात सुंठेची पुडी आणि जाड घोंगडी घातली.

जाऊबाई काही मोठ्या शेतकरीण झाल्या नाहीत. वाटेकरणीचं न ऐकता त्यांनी एका वर्षी मिरची लावली, ती सगळी रोगानं चुरडून गेली. कापसात तूर किती ओळींनी घ्यायची यावरून दोघींचा वर्षभर अबोला होता. एकाच अंगणात राहून एकमेकींना निरोप वाटेकऱ्याकडून द्यायच्या. पुढं ते मिटलं. मामंजींनी खोलीवर नवीन पत्रे टाकून दिले, आणि मग कधीतरी विहिरीजवळचं रान जाऊबाईंच्या नावावर केलं. त्याचा घरात गाजावाजा केला नाही.

मी एकदा मुलांना घेऊन तिथं गेले होते. जाऊबाई बांधावरून पुढं चालत होत्या, मी मागं. मी सहज विचारलं, "जाऊबाई, त्या खेळातल्या बाईसारखं वाटतं का हो कधी?"

त्या थांबल्या. "कुठली बाई?" मग हसल्या. "अगं, ती! मला तिचं तोंडसुद्धा आठवत नाही आता. घोडं तेवढं आठवतं."

मला वाईट वाटलं. माझ्यासाठी त्यांचं सगळं आयुष्य त्या एका दुपारपासून सुरू झालं होतं. त्यांच्यासाठी तसं नसावं. कदाचित त्यांचं ठरलेलंच होतं, आणि बोलायला निमित्त मिळालं, इतकंच.

निजामाचं राज्य जाताना मोठी धामधूम झाली. गावं ओस पडली, तेव्हा जाऊबाईही काही महिने नांदेडला येऊन राहिल्या. आता त्या परत जाणार नाहीत, असं आम्ही धरून चाललो होतो. पण रस्ते सुरू झाल्याबरोबर गेल्या. आपांचं घर त्याच सुमारास हैदराबादला निघून गेलं. खिडकी आम्ही लिंपली नाही, नुसती लावून घेतली.

मामंजी गेल्यानंतर आत्याबाईंचं मन घरात लागेना. आठ दिवस हवापालट म्हणून त्या जाऊबाईंकडं गेल्या. पंधरवडा झाला, महिना झाला, परत यायचं नाव नाही. हे म्हणाले, तू जाऊन घेऊन ये. मी भोकरच्या बसनं गेले आणि पुढं चालत गेले. आत्याबाई खोलीपुढं पोत्यावर बसून वाटेकरणीशी म्हशीवरून हुज्जत घालत होत्या. ती म्हणत होती म्हैस आटली, या म्हणत होत्या तुला धार काढता येत नाही. जाऊबाई रानात होत्या.

मी म्हटलं, "आत्याबाई, गाठोडं बांधू का?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हशीकडं पाहिलं. "तू हो पुढं. उडदाच्या शेंगा तोडायच्या राहिल्यात. थोरली एकटी कुठं कुठं बघेल?"

मी जेवले, थोड्या शेंगा तोडल्या आणि संध्याकाळच्या बसनं एकटीच परत आले.