खिशातला डावा हात

प्रयोगशाळेचा उंबरा ओलांडला की सरांचा डावा हात आपोआप पँटच्या खिशात जायचा. उजव्या हातात लांब दांड्याची अर्थिंगची काठी. उरलीसुरली वीज जमिनीत उतरवणारी ती काठी ते मशीनच्या पितळी गोळ्याला टेकवायचे आणि लाडाने विचारायचे, "काही उरेल शे का, भाऊ?" आमच्याशी ते शहरी मराठी बोलत, 'आहे'ला 'शे' म्हणणारी अहिराणी फक्त मशीनशी.

अशी सवय जडलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. सरांचा हात लग्नातही खिशातच. अक्षता एका हाताने टाकायचे. बुफे असला की फजिती, कारण ताट धरायचं कशाने? भरिताची पंगत बसेपर्यंत बिचारे उपाशी. देवळातसुद्धा विजेची माळ लांब आहे ना, हे बघूनच दोन्ही हात जोडायचे. आम्ही मागून हसायचो.

कारण साधं होतं. एक हात विजेला लागला आणि दुसरा लोखंडावर असला, तर वीज छातीतून जाते.

जळगावच्या आमच्या कॉलेजात त्यांनी उभं केलेलं मशीन म्हणजे एक पोलादी डबा. पंपाने आतली हवा काढून टाकायची आणि आत ठेवलेल्या सिरॅमिकच्या पांढऱ्या चकतीवर विजेचा दाब वाढवत न्यायचा. चकतीतून वीज जात नाही. पण तिच्या अंगावर विजेचा भार साचत राहतो, आणि एका क्षणी काचेच्या खिडकीतून निळी रेघ तिच्यावरून सरपटत गेलेली दिसते. ती नेमकी कधी जाईल, हे शोधण्यात सरांचा जन्म गेला.

"आणि मशीन बंद केल्यावर?" मी नोकरीत नवी असताना विचारलं होतं.

"बंद केलं म्हणजे संपलं असं नसतं, मॅडम. बाहेर असता तर हवेने भार हळूहळू नेला असता. आत हवाच नाही. तो नेणार कोण?"

त्या दिवसापासून मला चालू मशीनपेक्षा बंद मशीनची जास्त भीती वाटू लागली. एकटीने त्या खोलीत जायचं मी टाळायचे.

त्यांच्या शिक्षणाच्या काळातला एक मित्र असाच गेला होता. सर त्याच्याबद्दल एवढंच सांगत, "मशीन बंद होतं." मग आम्हा सगळ्यांकडे बघून दरडावत, "कुणी चिकटलं तर काठी घ्यायची. हात लावायचा नाही. नात्यातलं असलं तरी नाही. नाहीतर एकाच्या जागी दोन जातात."

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. एरवी सर आधी काठी टेकवायचे, ती तिथेच अडकवून ठेवायचे, मग पूजा. त्या वर्षी ते गावाहून, शिरपूरकडून येत होते आणि त्यांच्या बसला उशीर झाला. कॉलेजच्या मुलींनी सकाळीच मशीन सजवलं. पितळी गोळ्यावर झेंडूचा भरगच्च हार घालायचा म्हणून आदल्या दिवशी तिथे अडकवलेली काठी काढून कोपऱ्यात ठेवली. मला ते ठाऊक नव्हतं. मशीन आदल्या दिवसापासून बंद, प्लग काढलेला, आणि हाराखाली काठी असणारच, असं मी धरून चालले. कुंकवाचं बोट पुढे केलं.

"हात मांगे! अजून शे तठे!"

काठी कोपऱ्यात दिसताच सर दारातून धावत आले आणि त्यांनी मला मागे ओढलं. तबक खाली पडलं. त्यांनी कोपऱ्यातली काठी उचलून हारातून गोळ्याला टेकवली, आणि फटाक्यासारखा कडाडून आवाज झाला. निळा उजेड पडला. झेंडूची दोन फुलं काळी पडली. काठी काढल्यावर चकतीत आणि तिला जोडलेल्या, वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये दडलेला भार पुन्हा वर आला होता. माझ्या बोटावरचं कुंकू तसंच होतं.

सर खुर्चीत बसले. आपल्या हातांकडे बघत राहिले.

"मी तुम्हाला कसं धरलं?"

"दोन्ही हातांनी, सर."

"तेच." त्यांनी वर बघितलं. "तुमचं बोट टेकलेलं असतं, तर?"

"सर, तुम्ही होतात म्हणून मी वाचले."

"हो. पण तेवढा वेळ माझी भीती गेली होती, मॅडम. भीती गेलेल्या माणसाने या खोलीत थांबू नये."

मला वाटलं, धक्क्याने बोलताहेत. पण त्यांनी त्या सत्राअखेर निवृत्ती घेतली, काठी माझ्या हातात दिली आणि धुळ्याला मुलीकडे राहायला गेले. मला फार रडू आलं. माझा जीव वाचवला हीच त्यांना चूक वाटत होती, आणि त्यांचं म्हणणं मला खोडताही येत नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. सर झोपेतच गेले. "शेवटी शेवटी नातीला दोन्ही हातांनी उचलायचे," ती म्हणाली.

यंदाच्या खंडेनवमीला मुली हार घेऊन माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. साडीला खिसा नसतो. डावा हात मी पदरात घट्ट गुंडाळला आणि काठी टेकवली. मी भुसावळची, सरांची अहिराणी मला नीट येत नाही. तरी मोठ्याने विचारलं, "काही उरेल शे का, भाऊ?"

कसलाच आवाज झाला नाही. तरीही बोट पुढे करायचा मला धीर होईना. कुंकू मी दाराच्या चौकटीला लावलं.