चांगल्या मशीनमधून उतरलेला ड्रायव्हर

आत्या गेली तेव्हा सकाळची उन्हं नुकतीच ओट्यावर आली होती. शेजारच्या शकीलाचाची चहा घेऊन आल्या, त्यांनी हाक मारली, आणि मग कप खाली ठेवून मला आतून बोलावलं. झोपेतच गेली होती. मी पुण्याला दादाला फोन लावला. तो म्हणाला, "निघतो." एवढंच. आता काही आठवडे उलटले आहेत. भेटायला येणारे म्हणतात, सुटली बिचारी. मी मान हलवतो. पण खरं सांगायचं तर सुटलो मी. मला हायसं वाटतंय, आणि ते का, हे सांगण्यासाठी एका व्हिडिओ गेमची गोष्ट सांगावी लागेल. वाचणाऱ्यांनी हसू नये असं मी म्हणणार नाही. आत्या स्वतःच हसली होती.

आमची आई लवकर गेली. दादाला आणि मला वाढवलं ते धामणगाव बढ्यात, आत्याने. तिला मूलबाळ नव्हतं. मामा, म्हणजे तिचे यजमान, गेल्यावर पिठाची गिरणी तिनेच चालवली. केसांत, भुवयांत पीठ, आणि तोंडाचा पट्टा गिरणीच्या पट्ट्यापेक्षा जोरात. त्या पट्ट्यात एकदा तिच्या लुगड्याचा पदर गेला. दुसरी कोणी असती तर पदर ओढत बसली असती. तिने पदर सोडला, हात लांबवून खटका पाडला आणि अर्ध्या लुगड्यात उभी राहून दळण घेऊन आलेल्या बायांना म्हणाली, "पाहून काय राह्यल्या? चादर आना." ही हकीकत ती आम्हाला दर दिवाळीला सांगायची आणि शेवटी म्हणायची, "आधी मानूस काढाव. लोखंड काय, भंगारातबी जाते."

गुडघे गेले आणि गिरणी विकावी लागली, तेव्हा ती पहिल्यांदा रिकामी बसली. रिकामी बसलेली आत्या म्हणजे साऱ्या गल्लीला ताप. मी खामगावला कॉलेजात शिकवतो. शनिवारी सकाळचं कॉलेज आटोपलं की एसटी धरून तिच्याकडे जायचो, आणि सोबत माझा टॅब असायचा, कारण मला त्या खेळाचं वेड होतं. पन्नाशीतल्या मास्तराला शोभणारं नव्हे, पण होतं. गावातल्या पाण्याच्या टाकीएवढी लोखंडी माणसं, प्रत्येकाच्या छातीत बसलेला एक ड्रायव्हर, आणि चौकटी आखलेलं रण. आधी आपण आपली मशिनं एकेक करून हलवायची, मग शत्रू त्याची हलवणार, मग पुन्हा आपण. आत्याने चष्मा पुसून पाहिलं आणि विचारलं, "आता हा काऊन उभा हाये?" म्हटलं, आपली बारी आहे, आपण खेळेपर्यंत तो थांबतो. "चहा करून आन्ला तरी?" म्हटलं, हो. "मंग हा शहाना हाये. तुह्या दादासारका नाई," ती म्हणाली आणि चहा करायला गेली. परत येऊन पाहते तर शत्रू खरंच जागचा हलला नव्हता. तिथून ती त्या खेळात पडली.

दोन मशिनं तिची, दोन माझी. इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं, पण बटणं तिने चित्रावरून पाठ केली. त्यातलं एक ड्रायव्हरला खाली उतरवायचं. ते दाबलं की ड्रायव्हर वाचतो, पण मशीन त्या डावापुरतं कायमचं गेलं. मी ते सहसा दाबत नसे. हात तुटला, पाय तुटला, धूर निघाला तरी मी लढवत राहायचो आणि शेवटी मशीनही जायचं, ड्रायव्हरही. आत्या चिडायची. "धूर दिसत नाई का बे तुले? काढ त्याले!" स्वतः मात्र नेमका क्षण ओळखायची. मशीन आणखी एक दणका सोसणार नाही असं दिसलं की तिचा ड्रायव्हर खाली. त्याच्या आधी मात्र नाही. धडधाकट मशीन सोडून पळणाऱ्याला ती कामचोर म्हणायची.

मग तिला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आम्ही बुलढाण्याला दवाखान्यात होतो. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, अकोल्याला नेलं तर डोक्याचं ऑपरेशन करता येईल, कदाचित मशीनवर ठेवावं लागेल, किती उपयोग होईल सांगता येत नाही. नाही तर घरी न्या, सेवा करा. दादा पुण्याहून फोनवर म्हणत होता, "मी पोचेपर्यंत अकोल्याला हलव, थांबू नकोस." आणि आत्या छताकडे पाहत होती. तिला काय हवं आहे हे एकट्या तिलाच माहीत, आणि तिला बोलता येत नाही… ती समजण्याच्या पलीकडे गेली आहे की आतमध्ये जागी आहे, हेही कोणाला कळेना. मी टॅब काढला. दुसरं काही सुचलंच नाही. तिच्या डाव्या हाताशी धरला. बराच वेळ गेला. मग तिचं बोट हललं आणि तिने एक मशीन बरोबर टेकडीच्या आडोशाला नेऊन उभं केलं. मी स्वतः खेळलो असतो तरी तेच केलं असतं. आत्या जागी होती!

मी वाकून विचारलं, "आत्या, अकोल्याले नेऊ का घरी?" तिने माझ्याकडे पाहिलं. बोट पुन्हा पडद्यावर फिरलं आणि थांबलं. तिच्या सर्वांत चांगल्या मशीनची छाती उघडली, ड्रायव्हर शिडीवरून खाली उतरला आणि रणात एकटा उभा राहिला. मला वाटलं, याहून स्वच्छ कोणी काय सांगायचं? आधी माणूस काढा. मी तिथेच रडलो, आणि दुपारी कॉलेजात रजा टाकून तिला घरी आणलं.

दादा आला तो भडकूनच. "एका खेळातल्या बटणावर तू ठरवलंस? तुला जे हवं होतं ते तू तिच्या नावावर खपवलंस." मी भांडलो, पण तो परत गेल्यावर ते वाक्य माझ्यापाशी राहिलं. आत्याला भरवताना, कूस बदलताना, अंग पुसताना… तिचे डोळे माझ्यावर असायचे आणि मी ते चुकवायचो. अकोल्याला ती कदाचित उभी राहिली असती. तिला तिकडे जायचं असलं तर? मी तिला घरी आणून हळूहळू मारतो आहे, असं वाटायचं.

शकीलाचाची रोज येऊन तिच्याशी बोलत बसायच्या, उत्तर येवो न येवो. त्यानेच असेल, एकेक शब्द परत यायला लागला. आधी "पानी", मग शिव्या, मग अडखळत वाक्यं. एका दुपारी तिने टॅब मागितला. उशीला टेकवून बसवलं. तिने दवाखान्यापासून थांबलेला तो डाव पाहिला आणि तिची एक भुवई वर गेली.

"हे… कोनं उतरवलं?"

"तूच, आत्या. दवाखान्यात."

"मी? चांगल्या मशीनीतून… मानूस काढीन का मी?" मग स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहून म्हणाली, "बोट घसरलं असन. डावा हात माहा… पहिल्यापासून येडा."

शकीलाचाची दाराशी होत्या, त्या थबकल्या. मी कसंबसं म्हणालो, "मी तुले इचारलं होतं, अकोल्याले नेऊ का घरी. तू ते बटन दाबलं. मले वाटलं, तू घरी म्हनून राह्यली."

ती अर्ध्या तोंडाने हसायला लागली. हसताना खोकला आला, शकीलाचाचींनी पाठ चोळली, तरी ती थांबेना.

"आत्या, हसू नको. तुले जायाचं होतं का अकोल्याले?"

"नाई बे." श्वास घेऊन, एकेक शब्द वेगळा काढून ती म्हणाली, "नळ्या घालून… कायले पडू तथी? घरी आनलं, बेस केलं. पन बटनाले नको इचारत जाऊ. मले इचार."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिने येड्या हाताने माझे केस विस्कटले. त्यानंतर ती जगली ते दिवस थोडे होते, पण ते मी तिच्या डोळ्यांत पाहून काढले.

तेराव्याला पाहुणे पांगल्यावर दादा तिच्या खाटेवर बसला आणि म्हणाला, "सुध्या, खरं सांग. तिला नक्की तेच म्हणायचं होतं?" मी म्हणालो, "नाही दादा. बोट घसरलं होतं." आणि सगळं सांगितलं. बटनाले नको इचारत जाऊ, इथपर्यंत आलो तेव्हा त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हसतोय की रडतोय कळेना. मग डोळे पुसत म्हणाला, "हे तिचंच आहे. हे तुला सात जन्मात सुचलं नसतं."

टॅब तो पुण्याला घेऊन गेला. आमचं बोलणं पूर्वी सणावारी व्हायचं, तेही आमच्या दोघांच्या बायकांनी लावलेल्या फोनवर. आता शनिवारी दुपारी त्याचा फोन येतो. "सुध्या, मशीन धूर सोडतंय, माझी बारी आहे, काय करू?" मी म्हणतो, शत्रू थांबेल. तू कसा आहेस ते सांग. मग तो सांगतो.