भाऊंची गणपूर्ती

कुठेही गेले तरी भाऊ आधी माणसं मोजायचे. उजव्या हाताचं बोट पोटाजवळ धरून, ओठ जरासे हलवत, कोणाला कळू नये अशा बेताने. पण कळायचंच. भांडुपला एका लग्नात मुलीच्या वडिलांना वाटलं, हे मुलाकडचे गृहस्थ पानं मोजतायत. बिचारे घाबरून जवळ आले. भाऊ म्हणाले, "सवय आहे हो माझी. गणपूर्ती झाली आहे, करा सुरू."

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. नसेल तर तुमच्या सोसायटीची वाट लागलेली असणार, हे मी लिहून देते.

आमचा मुलुंडचा जिमखाना म्हणजे बॅडमिंटनचं कोर्ट, एक पोहण्याचा तलाव, कॅरमची खोली आणि बाकी सगळी भांडणं. भाऊ तिथे पूर्वी चिटणीस होते. विमा कंपनीतून निवृत्त झाले आणि त्यांनी कॅरमच्या खोलीत दर रविवारी सकाळी वर्ग सुरू केला. पुढेमागे कमिटीवर निवडून यायची इच्छा असलेल्या सभासदांसाठी. मी बँकेतली, तोंडाने फटकळ. मला तिथे नवऱ्याने पाठवलं. म्हणाला, "घरी भांडतेस ते तिकडे जाऊन भांड."

भाऊ पुस्तकातलं काही शिकवत नसत. सरळ नाटकच करायचे. एकदा एकाला म्हणाले, "तुझ्या साडूला कॅन्टीनचं कंत्राट हवंय. विषय निघाला. तू काय करशील?"

"मी गप्प बसेन."

"गप्प कसला बसतोस! तू समोर बसलास की बाकीचे गप्प बसतील. खोलीबाहेर जायचं. ऊठ, जा."

तो खरोखरच गेला. वर्ग रंगला आणि त्याला परत बोलवायचं भाऊ साफ विसरले. आम्ही खाली उतरलो तेव्हा पठ्ठ्या कॅन्टीनमध्ये दुसरी मिसळ खात होता. "छान," भाऊ म्हणाले, "असंच बाहेर बसायचं."

दुसऱ्या एका रविवारी ते स्वतःच तक्रार करणारी बाई झाले. तलावावरून त्यांची चप्पल गेली होती म्हणे. काय तो आवाज, काय ते कमरेवरचे हात! मी कमिटी होते. चपलांची जबाबदारी जिमखान्याची नाही हे पाटीवर लिहिलेलं आहे, असं मी त्यांना ठणकावलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. भाऊ मात्र खुर्चीत बसले आणि मालवणीत बोलले. मनाला लागलं की ते मालवणीवर यायचे. "तुझा बरोबर आसा गो. पण ती घराक जाऊन रडतली, तेचा काय?"

चप्पलच मुळात गेली नव्हती, तरी मला वाईट वाटलं.

आता गणपूर्तीचं सांगते. वार्षिक सभेला ठरावीक सभासद हजर असल्याशिवाय सभा सुरू करता येत नाही. तेवढे जमले नाहीत तर सभा अर्धा तास तहकूब होते, आणि मग जे कोणी असतील तेवढ्यांत उरकता येते. हे नोटिशीतच छापलेलं असतं. त्यामुळे कोणी वेळेवर येतच नाही. दहाची सभा म्हणजे साडेदहा, हे पोरासोरांनाही ठाऊक. भाऊंना या अर्ध्या तासाचा भयंकर राग होता. मी एकदा विचारलं, एवढं काय त्यात?

ते मला खिडकीशी घेऊन गेले. खाली लग्नाचं लॉन होतं, कोणाच्या तरी हळदीचा मांडव घातलेला होता. "इथे कबड्डीचं मैदान होतं," ते म्हणाले. "माझे गुडघे इथेच फुटले. लॉनचा ठराव आला त्या वर्षी गणपूर्ती झाली नाही. अर्ध्या तासाने जे डझनभर लोक वर होते त्यांनी हात वर केले. मंजूर. सगळं नियमाने झालं गो, कोणाला नाव ठेवता येत नाही."

"आणि तुम्ही?"

"मी खाली चहा पीत होतो. म्हटलं, सुरू व्हायला वेळ आहे अजून."

मग मला कळलं, हा माणूस रविवारची झोप सोडून आम्हाला का शिकवतो ते. त्यांना एकच हवं होतं. जायच्या आधी एकदा तरी पहिल्या हाकेला भरलेली सभा बघायची. हे ते हसत म्हणायचे, पण तोवर हृदयाचं दुखणं सुरू झालं होतं आणि दोन जिने चढताना मध्ये थांबावं लागायचं.

त्यांची पंच्याहत्तरी झाली तेव्हा आम्ही त्यांचा सत्कार केला. तोपर्यंत निम्मी कमिटी त्यांच्याच वर्गातली होती, मी सहचिटणीस होते. शाल, श्रीफळ, आणि वर कमिटीच्या ठरावाने मानद सभासदत्व. एकमताने! भाऊ मान खाली घालून शालीची घडी करत राहिले. आम्हाला वाटलं, भरून आलं असेल. मी पाया पडले तेव्हा तेवढं हळूच म्हणाले, "माका इचारूचा होता गो एकदा." मी ते विनयाचं बोलणं समजले.

पुढच्या वार्षिक सभेसाठी आम्ही जिवाचं रान केलं. भांडुप, कांजूरमार्ग, जिथे जिथे सभासद राहायला गेलेत तिथे फोन केले, घरी गेलो. भाऊंनी पलंगावर पडून फोन केले. सभेच्या दिवशी दहाला सह्या मोजल्या तर एक माणूस कमी. फक्त एक! मी धावत फाटकाशी गेले. गाडीत एसी लावून तिघे सभासद निवांत बसले होते. "वर चला ना हो, एकच कमी आहे!" तर म्हणे, "मॅडम, साडेदहाला ना? एवढी गाडी लावतो आणि आलोच." मी त्यांच्या काचेवर थापा मारल्या, पण गाडी गेली पुढे.

वर आले तर टाळ्या चालल्या होत्या. भाऊ आले होते. सुनेचा हात धरून, घामाने ओले, दारात उभे. अध्यक्ष ओरडले, "झाली! भाऊ आले, गणपूर्ती झाली!"

भाऊंनी हात वर केला. श्वास पुरेना. मग म्हणाले, "माका मोजू नकात."

कोणाला काही कळेना. "मानद सभासद गणपूर्तीत धरत नाहीत," ते म्हणाले. "मताचाही अधिकार नसतो त्याला."

अरे देवा! आम्ही त्यांचे विद्यार्थी. नियमावली आमच्या कपाटात. शाल घालून आम्ही त्यांना मोजदादीतून काढून टाकलं होतं, आणि आमच्यातल्या एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. त्यांच्या मात्र सत्काराच्या वेळीच आलं होतं.

अध्यक्ष जवळ येऊन हळूच म्हणाले, "भाऊ, बसा ना. कोण बघतंय?"

"मी बघतंय," भाऊ म्हणाले.

सभा तहकूब झाली. भाऊ शेवटच्या रांगेत बसले. मी शेजारी जाऊन बसले, पाणी दिलं. साडेदहाला लोक हसत-खिदळत वर आले, गाडीवाले तिघेही आले, खुर्च्या कमी पडल्या. "पुढच्या वर्षी, भाऊ," मी म्हणाले. "हां, पुढच्या वर्षी," ते म्हणाले आणि माझा हात थोपटला. माझी समजूत काढत होते, हे मला कळत होतं.

दिवाळीच्या आधीच ते गेले. स्मशानात उभं राहायला जागा नव्हती. मी मोजलं, मला राहवलंच नाही. गणपूर्तीच्या दुप्पट माणसं होती, आणि सगळी वेळेवर.

पुढची वार्षिक सभा आली. आता चिटणीस मीच. विषयपत्रिकेवर दुसरा विषय ठेवला होता की मानद सभासदालाही मत असावं आणि त्याला गणपूर्तीत धरावं. पहिला विषय भाऊंना श्रद्धांजली. आदल्या दिवशी किती जणांना फोन केले! सगळे हळहळले. "देवमाणूस हो. श्रद्धांजली पहिलीच आहे ना? मग साडेदहाला येतोच."

दहाला मी उठले आणि सभा अर्धा तास तहकूब झाल्याचं वाचून दाखवलं. मग मागच्या रिकाम्या खुर्च्यांत जाऊन बसले आणि पदर तोंडाला लावून रडून घेतलं. साडेदहाला सगळ्यांना दोन मिनिटं उभं राहायला सांगायचं होतं, आणि ते मलाच सांगायचं होतं.