निळ्या शर्टातला माणूस

त्या व्हिडिओखाली लोकांनी मला घातलेल्या शिव्यांपैकी निम्म्या मला पाठ आहेत. शिव्या घालणाऱ्यांना मी कोण हे माहीत नाही, आणि त्यात त्यांची चूकही नाही. त्यांच्या जागी मी असतो तर याहून जहाल लिहिलं असतं. कारण मीही त्यांच्यातलाच, त्याच गिटारवाल्याचा चाहता.

हा गिटारवाला आपल्याच भागातला. जात्यावरच्या ओव्या घेतो, गौळणी घेतो, लग्नातली गाणी घेतो. खाली हलगी आणि ड्रम, वर त्याची गिटार. मी वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. पुंडलिकनगरच्या घरून कंपनीची बस पाऊण-एक तास घेते, आणि तेवढा वेळ जाताना-येताना हा माझ्या कानात. नवा व्हिडिओ आला की पहिल्या दहांत माझी कमेंट असायचीच. खातं खोट्या नावानं काढलेलं, फोटोच्या जागी गिटारचं चित्र. बाकीचे चाहते मला तिथं 'भाऊ' म्हणायचे आणि कुठलं गाणं आधीचं, कुठलं नंतरचं, असं काही अडलं की मला विचारायचे. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला दुसरीकडं कोण विचारतंय?

आई त्याची चाहती झाली ती स्वयंपाकघरात. वडील गेल्यावर मी तिला बजाजनगरहून आमच्याकडं आणलं. त्या बजाजनगरात तिची तीस वर्षं गेली. वडील कंपनीत हेल्पर, ती एका कंपनीच्या कॅन्टीनात चपात्या लाटायला. एकदा मी मोबाइलवर त्याचं गाणं लावलं, तर ती मेथी निवडता निवडता थांबली.

"ह्यो पोरगा आपल्यातला हाय का रे?"

"कशावरून?"

"बेंजो बघ की कसा वाजवतोय. आपल्या पार्टीतल्यावानी."

"आई, ती गिटार आहे."

"असू दे. हात बेंजोवाल्याचाच हाय."

मी हसलो. चारेक महिन्यांनी त्यानं एका मुलाखतीत सांगितलं की तो वाजवायला शिकला तो गायन पार्टीतल्या मामाच्या बेंजोवर. मी ही गोष्ट कमेंटमध्ये लिहिली, "हे मी आधीच ओळखलं होतं" म्हणून. लोकांनी वाहवा केली. आईचा उल्लेख केला नाही.

गायन पार्टी म्हणजे काय, हे आमच्या वस्तीत वाढलेल्याला सांगावं लागत नाही. जयंतीच्या दिवसांत विहारासमोर मंच पडायचा. ढोलकी, बेंजो, हार्मोनियम आणि गाणारा. गाणं रंगात आलं की ऐकणारा उठायचा, गर्दीतून वाट काढत मंचापर्यंत जायचा आणि गाणाऱ्याच्या हातात नोट द्यायचा. दहाची असो, पन्नासची असो. मग कडवं संपल्यावर गाणारा माइकवर त्याचं नाव पुकारायचा. त्या नोटेला भीक म्हणणाऱ्याला आमच्या गल्लीत उभं केलं नसतं. ती दाद होती. टाळ्या कुणीही वाजवतं हो, उठून जायला माणूस लागतो.

आई दरवर्षी जायची. बायका सहसा लेकराच्या हातानं नोट पाठवायच्या, आई स्वतः जायची, पदर खोचून. पण माइकवर नाव यायचं वडलांचं. अमुकरावांच्या मंडळींकडून. एका वर्षी तिनं गाणाऱ्याच्या कानात स्वतःचं नाव सांगितलं, दोनदा सांगितलं. तो मान हलवून हसला आणि पुन्हा तेच पुकारलं. घरी येऊन भाकरी थापताना ती म्हणाली, "बाईचं नाव माइकला चिकटत नाय वाटतं." मी तेव्हा दहावीला होतो. मला तो विनोद वाटला.

तर हा गिटारवाला शहरात येणार असं कळलं आणि मी लगेच दोन तिकिटं काढली, माझं आणि बायकोचं. ऐन वेळी तिला माहेरी जावं लागलं. आई म्हणाली, "मी येते की." मला वाटलं, तिकीट वाया जाण्यापेक्षा बरं. खरं सांगायचं तर एवढंच वाटलं. आदल्या दिवशी ती म्हणाली, "मला एक कोरी नोट दे. चुरगळलेली नको." मी पन्नासची दिली. कशाला, हे विचारलं नाही. विचारलं असतं तर घरीच भांडण झालं असतं आणि मिटलंही असतं.

कार्यक्रम कॉलेजच्या मैदानावर, संध्याकाळचा. मनगटाला कागदी पट्टी बांधली तशी आई ती घड्याळासारखी फिरवून बघत बसली. मी तिच्यासाठी कार्यकर्त्याकडून एक प्लॅस्टिकची खुर्ची मिळवली आणि तिला पुढच्या बाजूला, जरा कडेला बसवलं. मी स्वतः जरा मागं उभा राहिलो. का, तर आमच्या डिपार्टमेंटचे साहेब तिथं सहकुटुंब आलेले. साहेब तसे बरे आहेत, कुणाला वाकडं बोलत नाहीत. पण त्यांच्याशेजारी उभं राहिलं की मी आपोआप त्यांच्यासारखं बोलायला लागतो. माझं 'लई' जातं, 'खूप' येतं. ही खोड मला नोकरीनं लावली असं मी म्हणतो. नोकरी बिचारी काय लावणार, माझ्यातच होती ती.

तो मंचावर आला आणि पहिली तार छेडली. व्हिडिओत शंभरदा ऐकलेला तोच सूर. पण समोरून आला तेव्हा नवाच वाटला. माझ्या डाव्या हाताला एक पोरगी हुंदके देत रडत होती आणि रडतानाच मैत्रिणीला व्हिडिओ कॉलवर दाखवत होती. एक टक्कल पडलेले गृहस्थ डोळे मिटून उभे, ओठ हलतायत पण आवाज नाही. पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढलेली. हजारभर मोबाइल वर. साहेबसुद्धा पायानं ठेका धरून होते. आणि मी, जो इतकी वर्षं याच्यावर पानं भरभरून लिहीत आलो, मला एक शब्द सुचेना. ती दहा मिनिटं मी सुखात होतो. हेही सांगून ठेवतो, नाहीतर मी नुसताच रडतोय असं वाटेल.

मग त्यानं ओवी घेतली. जात्यावरची, संथ. गिटारही जात्याच्या घरघरीसारखी खालच्या सुरात. आणि आई उठली.

तिनं कमरेची पिशवी सोडली, नोट काढली, पदर खोचला. मला क्षणात सगळं कळलं. ती चालायला लागली आणि गर्दीनं तिला वाट दिली, कुणी धक्का मारला नाही. कठड्यापाशी काळ्या टी-शर्टातला बाउन्सर होता. त्यानं वाकून तिला काहीतरी विचारलं, तिनं नोट दाखवली. तो हसला आणि कठड्याचं एक टोक सरकवायला लागला. सोडणार होता तो तिला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

तेवढ्यात माझ्या मागून साहेब म्हणाले, "अरे, या आजी कुठं निघाल्या? पैसे द्यायला की काय? अहो, तिकीट काढलंय ना सगळ्यांनी." वाईट भावनेनं म्हणाले नाहीत, सहज म्हणाले. त्यांची बायको हसली. मग साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "तुम्हीच खुर्ची दिलीत ना त्यांना? ओळखीच्या आहेत का?"

"हो," मी म्हणालो. "ओळखीच्या आहेत."

माझी आई आहे, एवढे तीनच शब्द होते. जिभेवर आले नाहीत. आम्ही कुठले, कुणातले, हे साहेबांना माझ्या आडनावावरून ठाऊक असणारच. पण ठाऊक असणं वेगळं आणि पन्नासची नोट हातात धरून भर मैदानात दिसणं वेगळं, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. आता ते शब्दांत मांडायला गेलं की माझं मलाच किळसवाणं वाटतं.

मी पुढं गेलो, तिचा दंड धरला आणि म्हणालो, "चला, इथं असलं चालत नाही." जन्मात कधी मी आईला 'चला' म्हणालो नव्हतो. ती गोंधळून माझ्याकडं बघायला लागली. मी तिला ओढत गर्दीबाहेर काढलं. मागं गाणं थांबलं, माइकवर तो काहीतरी बोलला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागं वळलो नाही. आईनं वळून बघितलं.

पार्किंगमध्ये स्कूटरजवळ ती म्हणाली, "तो नाव इचारत व्हता."

"दुसऱ्या कुणाला विचारत असेल."

"मला इचारत व्हता. आजी म्हणला."

"आई, मैदानात काय तू एकटीच आजी आहेस का?"

 तिनं नोट जपून पिशवीत ठेवली.  घरापर्यंत मीच आपला सिग्नलला थांबलं की आवाज किती मोठा होता, तुझे पाय दुखले असते, असं काहीबाही बरळत राहिलो.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये व्हिडिओ उघडला. चाहत्यांपैकीच कुणीतरी टाकलेला. आई चालतेय, नोट हातात, चेहऱ्यावर लाइट. मग निळ्या शर्टातला एक माणूस पाठमोरा येतो आणि तिला ओढून नेतो. तो शर्ट आईनंच गेल्या जयंतीला घेतलेला. गिटारवाल्यानं तारांवर हात ठेवून गाणं थांबवलं. म्हणाला, "आजी, थांबा, थांबा. आमच्या पार्टीची रीत आहे ही. आजी, नाव काय तुमचं? नाव सांगा, इथून पुकारतो." मग तो हात कपाळावर धरून अंधारात बघत राहिला. किती वेळ, ते मी मोजलेलं नाही, पण व्हिडिओत तो वेळ लई मोठा वाटतो. शेवटी म्हणाला, "गेल्या वाटतं." आणि ओवी पुन्हा सुरुवातीपासून घेतली, आजीसाठी म्हणून.

खाली कमेंटांचा पाऊस. आजीला सलाम. आजींचं नाव कुणाला माहितीये का? माझी आजी आठवली. आणि मध्ये मध्ये मी. हा निळा शर्टवाला कोण रे? याला शोधा. एकानं लिहिलं होतं, "स्वतःच्या आईला असं ओढशील का रे?" त्याला शेकडो लोकांनी दुजोरा दिलेला. कुणीतरी माझ्या गिटारच्या चित्राला उद्देशून लिहिलं, "भाऊ, तुम्ही होता ना तिथं? ही आजी कोण, काही पत्ता?" मी लिहिलं, "माहीत नाही."

बायकोनं माहेराहून आल्यावर तो व्हिडिओ आईला दाखवला. मला काही बोलली नाही. तिचं न बोलणं दोन महिने पुरलं. आईनं तो दोनदा बघितला, मग मला हाक मारली.

"बघ. मलाच इचारत व्हता."

"हो."

"खाली काय लिवलंय लोकांनी? वाच."

आईला वाचता येतं, पण मोबाइलवरची बारीक अक्षरं तिला दिसत नाहीत. मी वाचलं. सलामवाल्या, आजी आठवलेल्या, सगळ्या वाचल्या. माझ्यावरच्या गाळल्या. ती ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी तिच्या चेहऱ्यावर पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. वडलांच्या पेन्शनचा कागद आला तेव्हा नाही, माझी नोकरी लागली तेव्हाही नाही.

"नाव इचारतायत ना? मग टाक की लिवून."

मी लिहिलं. तिचं नाव, मग वडलांचं, मग आडनाव. तिनं मला थांबवलं. "मंडळीबिंडळी लिवू नको. माझंच लिव." मी वडलांचं खोडलं. फक्त तिचं ठेवलं. पाठवायचं बटण अंगठ्याखाली होतं. नाव गेलं की कुणीतरी बजाजनगरचं ओळखणार. मग ओढणारा तिचा लेक होता हे निघणार, ते साहेबांपर्यंत जाणार, आणि भाऊ म्हणणारी माणसं भाऊला शोधत येणार.

मी ते पुसलं.

"टाकलंस?"

"टाकलं."

"त्यो वाचंल का?"

"वाचेल की."

तिनं समाधानानं मान हलवली आणि पिशवीतली नोट चाचपून बघितली. ती नोट अजून तिच्याकडंच आहे, तशीच कोरी. बाजारात गेली तरी ती खर्चत नाही. अधूनमधून विचारते, पुन्हा कधी यायचाय तो इकडं? आता तर त्याला माझं नाव ठावं हाय. मी म्हणतो, येईल. कमेंटा टाकणं मी बंद केलंय, गाणी ऐकणंही. बसमध्ये आता नुसता बसून असतो.

म्हटलं, निदान इथं तरी सगळं खरं लिहावं. लिहून झाल्यावर वरपासून खालपर्यंत वाचलं. शर्टाचा रंग लिहिलाय, नोट कितीची ते लिहिलंय, साहेब काय म्हणाले तेही लिहिलंय. आईचं नाव इथंही लिहिलेलं नाही.