पायरीवर ती काय म्हणाली

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शेंगांची टरफलं उचलली. मोठ्या खुल्या थिएटरात गाण्याचा कार्यक्रम होता, तिथं दगडी पायरीवर बसून खाल्लेल्या शेंगांची टरफलं. लोक अख्खी पायरी घाण करून उठून जातात. माझ्या बायकोला ते चालत नसे. ती पदर खोचून टरफलं कागदात गोळा करायची आणि मलाही वाकायला लावायची.

मी वाकलेलाच होतो. तिनं माझ्या गुडघ्यावर दोनदा थाप मारली. एक थाप म्हणजे चला. दोन थापा म्हणजे इकडे बघा, कामाचं सांगते. मी वर बघितलं, तिचे ओठ हलायला लागले आणि तेवढ्यात मंचावरचे मोठे दिवे गेले. कार्यक्रम संपला की तिथले दिवे असेच एकदम जातात, मग जरा वेळानं वाटेवरचे पिवळे लागतात. त्या मधल्या अंधारात ती बोलली. ओठ हलताना दिसले, शब्द दिसले नाहीत.

पिवळे दिवे लागले तेव्हा मी विचारलं, "काय म्हणालीस?"

तिनं हात झटकला. सांगितलं ना, चला.

रिक्षात गर्दी, घरी आल्यावर उकाडा. पाणी प्यायली आणि आडवी झाली. सकाळी उठली नाही.

आता कानाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझं आयुष्य लूमच्या खात्यात गेलं. खातं म्हणजे आमच्या सुरतेत कारखाना. लूम चालू असले की शेजारचा माणूस कानात ओरडला तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथं सगळे ओठांनी बोलतात. आवाज काढायचाच नाही. ती त्याच खात्यात बॉबिन भरायला होती, मी समोरच्या भिंतीकडच्या लूमवर. खान्देशातून आलो तेव्हा नवीन लग्न झालेलं, एका खोलीत दोन बिऱ्हाडं, तिथं काय बोलणार? आमचा सगळा संसार लूमच्या डोक्यावरून बोलून झाला.

खात्यात एक रीत होती. ज्याला सांगितलं त्यानं तेच परत ओठांनी म्हणून दाखवायचं. मग सांगणाऱ्याला कळतं, बरोबर पोचलं. नाहीतर लाल सांगायचं आणि हिरवा धागा चढायचा. ती सवय माझ्या हाडात गेली. घरी ती "मीठ संपलं" म्हणाली की माझे ओठ आपोआप "मीठ संपलं" म्हणायचे. पाहुणे हसायचे. म्हातारा जप करतो का काय, म्हणायचे.

लूमनं कान खाल्ले. आवाज येतो, शब्द येत नाहीत. स्वतःचं बोलणंही मला कळत नाही. मला वाटतं हळू बोललो, आणि गल्ली दारात येऊन बघते.

"बहिऱ्याला गाण्याचं काय गं?" असं माझा मुलगा आईला विचारायचा. ती म्हणायची, "तुझ्या बापाला बुडानं ऐकू येतं." खोटं नव्हतं. त्या थिएटरच्या पायऱ्या अर्ध्या गोलात उतरत जातात आणि खाली मंच. ढोल वाजला की दगडातून वर चढतो, बुडाला लागतो, मणक्यातून डोक्यात जातो. शब्द मला ती द्यायची. गाणारा गायचा आणि ती माझ्याकडे तोंड करून तेच शब्द ओठांनी म्हणायची. मी मंचाकडे बघतच नसे. सगळे लोक पुढं बघतात आणि एक म्हातारा बायकोच्या तोंडाकडे बघत बसलाय. मागच्या बाया एकमेकींना कोपरं मारायच्या.

गुजराती गाणी असोत, मराठी ऑर्केस्ट्रा असो, आमच्या खान्देशी लोकांचा अहिराणी कार्यक्रम असो, फुकट पास मिळाला की आम्ही जायचो. ती बदमाशीही करायची. रडकं गाणं चाललेलं, मी डोळे पुसतोय, आणि मधेच तिचे ओठ म्हणायचे, पुढच्या बाईची साडी बघा, उलटी नेसलीय. मला वाटायचं गाण्यातच आहे. डायऱ्यातला, म्हणजे गुजराती लोकगीतांच्या बैठकीतला, गाणारा गाण्याच्या मधे चुटके सांगायचा. चुटका माझ्यापर्यंत तिच्या ओठांवरून यायचा, त्यामुळे सगळे हसून गप्प झाले की मी एकटा हसायचो. एकदा गाणारा थांबला, माझ्याकडे हात करून काहीतरी बोलला आणि सगळं थिएटर हसलं. मी तिला विचारलं, काय म्हणाला? तिनं सांगितलं, म्हणतो त्या काकांना गाणं आवडलं. घरी आल्यावर खरं सांगितलं. तो म्हणाला होता, काका कालच्या कार्यक्रमाला आज हसताहेत.

ती गेली त्या सकाळचंही सांगायला पाहिजे. आमच्या गल्लीत नळाला पाणी पहाटे येतं आणि लवकर जातं. तिनं मला कधी नळावर जाऊ दिलं नाही. बाप्या माणसानं बायांच्या रांगेत उभं राहू नये, असं तिचं होतं. त्या दिवशी नळ आला आणि गेला. मी तिच्याजवळ बसलेलो, मला काय नळ कळतोय? मुलगा-सून तेव्हा शहराबाहेर कडोदऱ्याला राहत होते, ते पोचले तोवर ऊन चढलं. बाया तिला आंघोळ घालायला आल्या तर घरात पिंप कोरडं. मग ज्याच्या त्याच्या घरून हंडे आले. दारात उभ्या एका शेजारणीनं दुसरीला जे सांगितलं ते मी तिच्या ओठांवर वाचलं. "दुसऱ्याचं पाणी भरून द्यायची ही बाई, आणि शेवटची आंघोळ मागून आणलेल्या पाण्यानं."

बहिरा आहे म्हणून माझ्यासमोर लोक काहीही बोलतात.

मुलगा-सून माझ्याकडे राहायला आले. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मला एकच खायला उठायचं. ती काय म्हणाली? जेवताना तेच, झोपताना तेच. मुलगा वैतागला.

"आबा, काय म्हणणार? चला म्हणाली असेल!"

"चलाला एक थाप असते. दोन मारल्या होत्या."

"मग चला लवकर म्हणाली असेल."

त्याला कसं सांगणार? तिचं तोंड माझ्या डोळ्यांसमोर यायचं, ओठ हलायचे, आणि नेमके दिवे जायचे. दर वेळी तिथंच. मी आरशासमोर उभा राहून तसेच ओठ हलवून बघितले. सूनबाईनं बघितलं आणि दुपारी शेजारच्या घरी जाऊन बसली.

थंडीत त्याच थिएटरात गुजराती गाण्यांचा कार्यक्रम लागला. मी म्हटलं, जाणार. मुलाची पाळी होती पलसाण्याच्या डाइंगमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, म्हणून सूनबाईला माझ्याबरोबर धाडलं. ती सुरतेतच जन्मलेली. घरात तीन भाषा बोलते आणि तोंड मिटून बोलते, तिचे ओठ मला लागत नाहीत.

आमची नेहमीची पायरी मिळाली. बायको जुन्या गोधडीचा तुकडा आणायची, दगड टोचू नये म्हणून. मी तो आणला होता. माझ्या उजव्या हाताला, तिच्या जागेवर पसरला आणि मी नुसत्या दगडावर बसलो. ठरवून केलं नाही, हात तिकडंच गेला. सूनबाई गोधडीच्या पलीकडे बसली.

थिएटर भरलं. नदीकडून वारा येत होता. लोक पायऱ्यांच्या कडेला उभे राहिले, दोन माणसांत तिसरा घुसला. गोधडीवर कोणी बसलं नाही. एक जाडा माणूस आला, बसायला वाकला, आणि तसाच सरळ झाला. हात जोडून कोणाला तरी 'माफ करा' म्हणतात तसं त्यानं केलं आणि वर निघून गेला. माझ्याकडे बघून नाही केलं. गोधडीकडे बघून केलं.

सूनबाईनं गोधडीवर हात ठेवला आणि चटकन काढला. मग माझा हात धरून तिथं ठेवला. माझ्याखालचा दगड बर्फ होता. गोधडी गरम होती. आत्ताच कोणी उठून गेल्यावर असते तेवढी.

मला भीती वाटली नाही. सूनबाईला वाटली.

गाणी सुरू झाली. ढोल दगडातून आला. सवयीनं माझी मान उजवीकडे वळली. तिथं गोधडी होती, तिच्या पलीकडे सूनबाई, तिच्या पलीकडे लोक. मी गोधडीच्या वर, तिचं तोंड असायचं तेवढ्या उंचीवर बघत बसलो. मला काही दिसलं नाही. भूत बघितलं म्हणून मी लिहीत नाही. पण मला गाणं कळत होतं. एक बाई नावाड्याला म्हणते, पलीकडे गेलास तरी दिवा विझवू नको, मला अंतर किती ते कळू दे. असं काहीतरी. नवीन गाणं होतं, मी ते आधी कधी तिच्या ओठांवरून घेतलेलं नव्हतं.

पुढच्या ओळीतले लोक मागं वळायला लागले. सूनबाईनं माझं मनगट धरलं आणि पहिल्यांदा तोंड नीट उघडून बोलली.

"आबा, गाऊ नका ना! लोक बघतात."

"मी कुठं गातोय?"

"गाओ छो! सगळे शब्द. गाणाऱ्याच्या मागं मागं."

मी तोंडावर हात ठेवला. हाताखाली ओठ हलत होते. मला थांबवता आले नाहीत.

शेवटचं गाणं झालं आणि मोठे दिवे गेले. अंधारात माझ्या गुडघ्यावर दोन थापा पडल्या. मला वाटलं, सूनबाई. मी त्या बाजूला वळलो आणि वाट बघत राहिलो.

पिवळे दिवे लागले. सूनबाई माझ्याजवळ नव्हतीच. ती चार माणसं पलीकडे जाऊन उभी होती, शाल तोंडात धरून. मी खूण केली, ये. येईना. मग आली.

"थाप का मारलीस?"

तिनं मान हलवली. मी नाही.

"मग काय झालं तुला?"

"तुम्ही बोललात. आत्ता, अंधारात. आईंच्या बोलीत. आईंसारखंच, आबा."

मी कोणाशी अहिराणी बोलत नाही आता. बोलायला माणूस नाही.

"काय बोललो? जसं ऐकलंस तसं म्हण. सावकाश. तोंड उघडून म्हण."

तिला भीती वाटत होती, पण पोरगी चांगली आहे. माझ्यासमोर खाली बसली आणि म्हणाली, "सकाय पानी तुमीच भरा. माले जमाव नही."

उद्या सकाळी पाणी तुम्हीच भरा. मला जमणार नाही.

माझ्या ओठांनी ते परत म्हटलं. म्हणतानाच मला कळलं की हे ओठ हे वाक्य दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा म्हणताहेत. त्या उकाड्याच्या रात्री, अंधारात, तिनं सांगितलं तेव्हाच त्यांनी ते रीतीप्रमाणे परत म्हटलं असणार. डोळ्यांना दिसलं नाही, डोक्याला कळलं नाही, ओठांनी घेऊन ठेवलं. आणि तिला वाटलं असेल, पोचलं. म्हणून घरी येऊन परत सांगितलं नाही. मग आज थापा कोणी मारल्या, ते मला माहीत नाही. पोचलं नाही हे तिला कुठून कळलं, तेही माहीत नाही.

लूमच्या खात्यात पाळी चुकवली नाही त्या बाईनं. ताप असला तरी नळावर गेली. जमणार नाही, हे शब्द मी तिच्या तोंडून कधी घेतले नव्हते. म्हणजे तिच्या छातीत काय चाललंय ते तिला ठाऊक होतं, आणि सांगायचं काय, तर पाण्याचं.

"एवढंच?" मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो असेन, कारण जाणारे लोक थांबले. "अगं बाई, एवढंच?"

सूनबाईनं गोधडी उचलली नाही. मी उचलली. घडी घालताना ती गार झाली होती. खाली टरफलं होती, दुसऱ्या कोणाची तरी. दोघांनी गोळा केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळ यायच्या आधी उठलो. हंडा घेतला, बादल्या घेतल्या, पिंपाचं झाकण काढलं. नळावर बाया होत्या. मला बघून त्यांची रांग हलली. त्या शेजारणीनं, जी दारात उभी राहून बोलली होती तिनं, आपला हंडा बाजूला सरकवला.

"आबा, तुम्ही?"

"मला सांगून गेलीय," मी म्हणालो.

सूनबाई केस बांधत धावत आली. "रहेवा दो, आबा, मी भरते."

मी तिला दिला नाही हंडा. खेपा घातल्या, पाठ भरून आली, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला. पिंप भरलं, मोरीतली टाकी भरली, घरातली भांडी भरली, तिचा पितळी तांब्या भरला. शेजारणीची एक बादली उरली होती, तीही भरली. मग नळ गेला.