मिठाच्या समुद्रावरचा आठवा फोटो

इस्रायलमधल्या आमच्या ओफाकिमहून निघालो तेव्हा पाठीवर खाकी पिशवी, गळ्यात डबा कॅमेरा आणि खिशात आईचं पत्र होतं. रेवदंड्याहून तिनं लिहिलं होतं, "तुझ्या त्या वाळवंटात येऊन मी काय करू? मला रोज सूर्य समुद्रात बुडताना बघायची सवय. तसा फोटो पाठव, मग येण्याचं बोल." दोन वर्षं मी तिला बोलावत होतो. आता सगळं एका फोटोवर आलं होतं आणि माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते!

सोबत अब्राहमकाका. मूळचे पनवेलचे, आता आमच्या गावाभोवती झाडं लावण्याच्या कामावर. वय साठीचं, चाल माझ्या दुप्पट. "तुला एकट्याला सोडलं तर उंटाच्या मागे भलतीकडेच जाशील," म्हणाले आणि शिदोरी बांधून तयार.

रिळात फोटो आठच. पहिल्या तीन संध्याकाळींत मी सात उडवले! नेगेवच्या ओसाड टेकड्यांमागे सूर्य असा काही लालबुंद उतरायचा की बोट आवरेचना. एकदा तर आनंदानं नाचलो आणि पिशवीसकट काटेरी झुडपात बसलो.

काटे उपटता उपटता काका म्हणाले, "काळ्यापांढऱ्या फोटोत हा लाल रंग कुठनं आणणार रे, दीडशहाण्या?"

"मागे पेन्सिलीनं 'लाल' असं लिहीन की!"

चौथ्या दिवशी एका ट्रकवाल्यानं आम्हाला सदोमच्या उताराखाली याम हामेलाखच्या (मिठाच्या समुद्राच्या) काठी सोडलं. पाणी हाताला तेलकट, ओठाला कडूजहर. काका त्यात उताणे पडले ते बुडेचनात! "अरे, मला कुणीतरी खाली दाबा रे!" म्हणून ओरडायला लागले. मी हसून हसून काठावर लोळलो.

मग अंग पुसून, पाण्याकडे तोंड करून दोघं मांडी घालून बसलो. पोळ्या आणि बटाट्याची भाजी संपली. कॅमेरा दगडावर ठेवून पाण्याकडे रोखला होता. तासभर झाला तरी सूर्य काही समोर येईना, पाठ मात्र चांगली भाजत होती.

तेवढ्यात तोच ट्रकवाला परत फिरताना थांबला. "शेमेश?" (सूर्य?) मी समुद्राकडे बोट करून विचारलं. त्यानं पोट धरून हसत आमच्या पाठीमागचा डोंगर दाखवला. गर्रकन वळलो, तर सूर्याची शेवटची कड कड्याआड गडप!

आम्ही पडलो कोकणातली माणसं. समुद्र म्हणजे पश्चिम, हे कुणी शिकवावं लागत नाही. हा समुद्र पूर्वेला, हे दोघांच्याही टाळक्यात आलं नव्हतं. आईनं काय मागितलं आणि मी कुठं येऊन बसलो! मला रडूच फुटायचं बाकी होतं.

"रडतोस काय? उद्या पाण्यावर उगवेल ना," काका म्हणाले. "काळ्यापांढऱ्यात उगवता काय नि मावळता काय, कोणाला कळतंय?"

मी टुणकन उडी मारली. काका म्हणजे काका!

रात्र कामगारांच्या छपरीत काढली. सकाळी पलीकडच्या डोंगरांवर सूर्य आला आणि सगळं पाणी चमकलं. काका काठावर तेफिलीन (सकाळच्या प्रार्थनेत कपाळाला आणि दंडाला बांधायच्या चामडी डब्या) बांधून यरुशलेमच्या दिशेला तोंड करून उभे होते. त्यांची काळी, रेखीव आकृती आणि शेजारी सूर्य. खट्!

ओफाकिमला परतल्यावर आठव्या फोटोमागे लिहिलं, "मावळता सूर्य. रंग केशरी." आईशी खोटं बोलणं बरं नव्हे, पण तिला आणायचंच होतं. आठही फोटो टपालात टाकले.

तिचं उत्तर आलं ते काकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. "बाळा, फोटो छान आलेत. पण संध्याकाळी तेफिलीन कोण बांधतं रे? लहानपणापासून तुला धड खोटं बोलता येत नाही. परमुलखात तुझं कसं व्हायचं? येते मी. आणि तो सूर्य मला उगवताना दाखव. समुद्रावर उगवलेला मी जन्मात पाहिला नाही."

इतका भटकलो, सात खरेखुरे सूर्यास्त पाठवले, आणि आई येतेय ती त्या एका थापेपायी! मी घरभर नाचलो. काकांनी कपाळाला हात लावला, नेमका डबीच्या जागी.